चाळीस क्लिकचे काम एका बटणात: व्हीएफएक्स कलाकार स्वतःची टूल्स कशी लिहितात?

पडद्यावर नायिका कड्याच्या टोकावर उभी दिसते. प्रत्यक्षात ती स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभी असते. कडा, धुके, ढग हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणी तयार होते आणि नंतर एकाच चित्रात बेमालूम बसवले जाते. या बसवण्याच्या कामाला ‘कंपोझिटिंग’ म्हणतात. हे काम करणारे कलाकार अनेकदा स्वतःची छोटी टूल्स लिहितात. ती का लागतात आणि कशी चालतात, ते समजून घेऊ.

नोड म्हणजे नेमके काय?

या क्षेत्रात सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे न्यूक. अमेरिकेतल्या डिजिटल डोमेन या व्हीएफएक्स कंपनीने ते १९९३ पासून स्वतःच्या कामासाठी विकसित केले. २००७ मध्ये ते ब्रिटनच्या फाउंड्री कंपनीकडे गेले.

न्यूकमध्ये प्रत्येक काम एका चौकोनी डबीत असते. तिला नोड म्हणतात. ‘रीड’ नोड चित्र आत आणतो, ‘ग्रेड’ रंग बदलतो, ‘मर्ज’ दोन चित्रे एकत्र करतो, ‘राइट’ अंतिम चित्र साठवतो. या डब्या रेषांनी जोडल्या की चित्र एकातून दुसरीत वाहत जाते. एका अवघड शॉटमध्ये अशा शेकडो डब्या असू शकतात.

महत्त्वाची गोष्ट पडद्यावर दिसत नाही. न्यूकची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ती नोटपॅडमध्ये उघडली तर नोडचे नाव आणि त्याखाली त्याचे आकडे सरळ वाचता येतात. जे मजकुरात लिहिलेले आहे, ते मजकुरानेच बदलताही येते. सगळ्या टूल्सचा पाया हाच आहे.

पहिले टूल किती छोटे असू शकते?

अगदी एका ओळीचे. हिरव्या पडद्याचा उजेड अभिनेत्रीच्या केसांवर आणि खांद्यांवर पडतो. पडदा कापून काढला तरी ही हिरवट झाक उरते. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. समजा, केसांच्या कडेला लाल ०.४, हिरवा ०.७ आणि निळा ०.३ आहे. ‘एक्स्प्रेशन’ नोडमध्ये सूत्र लिहायचे: हिरवा आणि लाल यांपैकी जो लहान, तो हिरव्याच्या जागी ठेव. ०.७ चे ०.४ होते आणि झाक जाते.

पण तिने मोरपंखी साडी नेसली असेल तर? साडीचा लाल ०.१, हिरवा ०.५ आणि निळा ०.६ धरू. याच सूत्राने हिरवा थेट ०.१ वर येतो आणि मोरपंखी साडी गडद निळी होते. इथे हिरव्याची मर्यादा लाल आणि निळा यांपैकी मोठ्या आकड्याएवढी ठेवली, तर साडीला धक्का लागत नाही. मात्र केसांना लालचीच मर्यादा बरी.

म्हणून सूत्र आत ठेवून बाहेर एक निवड दिली जाते: मर्यादा लालची, सरासरीची की मोठ्या आकड्याची? हे नोड ‘ग्रुप’मध्ये बांधून ही निवड बाहेर काढली की टूल तयार. कुठली निवड कधी करायची, हे मात्र कलाकाराच्या नजरेनेच ठरते.

मग पायथन कुठे येते?

एक्स्प्रेशन पिक्सेल बदलते. पायथन नोड हाताळते. न्यूकमध्ये पायथनची सोय २००८ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून आली. त्याआधी टीसीएल नावाची भाषा वापरली जाई.

समजा, एका शॉटमध्ये ४० रीड नोड आहेत आणि थ्रीडी विभागाने तिसऱ्याऐवजी चौथी आवृत्ती पाठवली आहे. हाताने करायचे तर ४० नोड उघडून ४० वेळा फाइलचे नाव बदलावे लागेल. मध्यरात्री एखादा नोड सुटला, तर जुना ढग नव्या डोंगरावर राहतो आणि चूक क्लायंटसमोर उघडी पडते.

पायथनमध्ये हेच काम चार पायऱ्यांत होते. सगळे रीड नोड गोळा करा. प्रत्येकाचा फाइलमार्ग वाचा. नवी आवृत्ती डिस्कवर आहे का ते पाहा. असेल तरच मार्ग बदला.

तिसरी पायरी सर्वांत मोलाची. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने पाच सेकंदांच्या शॉटला १२० फ्रेम लागतात. नव्या आवृत्तीच्या ९० फ्रेमच आल्या असतील, तर बदल करणे धोक्याचे. चांगले टूल फ्रेम मोजते, काय बदलणार त्याची यादी दाखवते आणि मगच हात लावते.

टूल दुसऱ्याच्या हाती गेले की काय होते?

खरी परीक्षा इथे असते. ग्रुप शॉटच्या फाइलमध्येच साठतो. तोच वेगळ्या फाइलमध्ये ठेवला की त्याला ‘गिझ्मो’ म्हणतात आणि शॉटमध्ये फक्त त्याचे नाव उरते. ही फाइल कलाकाराच्या स्वतःच्या संगणकावरच असेल, तर शॉट त्याच्याकडे उत्तम चालतो. पण रात्री रेंडर करणाऱ्या संगणकांना गिझ्मो सापडत नाही. सकाळी चित्रांऐवजी एरर हाती येते.

म्हणून टूल्स सर्वांना दिसणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. तिथेही दोन फाइल्सचा फरक लक्षात ठेवावा लागतो. ‘इनिट’ ही फाइल न्यूक सुरू होताना दर वेळी चालते, रेंडरच्या संगणकांवरही. ‘मेनू’ फाइल फक्त खिडकी उघडते तेव्हाच चालते. त्यामुळे रेंडरला लागणारी गोष्ट मेनूमध्ये लिहिली, तर ती तिथे पोहोचतच नाही.

आणखी एक सापळा आहे. गिझ्मो सुधारला की तो वापरलेले सगळे जुने शॉटही बदलतात, मंजूर झालेलेसुद्धा. यावर साधा उपाय म्हणजे नावातच आवृत्तीचा क्रमांक ठेवणे आणि जुनी फाइल न पुसणे.

सुरुवात कशी करावी?

न्यूकची बिनव्यावसायिक आवृत्ती शिकण्यासाठी मोफत मिळते. तिच्यातून जास्तीत जास्त १९२० बाय १०८० आकाराचे चित्र काढता येते. त्यासाठी आधी पायथनचा जाड ग्रंथ संपवण्याची गरज नाही. दिवसभरात जे काम तुम्ही तिसऱ्यांदा करता, ते कागदावर पायरी-पायरीने लिहा. त्या पायऱ्या कुणालाही न विचारता दुसऱ्या माणसाला करता आल्या, तर त्या पायथनलाही सांगता येतील. जिथे ‘हे डोळ्यांनी बघून ठरवतो’ असे लिहावे लागेल, ती पायरी स्वतःकडेच ठेवा.