सोनाराची फुंकणी व मोटारीचे इंजिन

जबलपूरच्या सराफ्यातील सोनार फुंकणीने ज्योतीत हवा सोडून तिची आच वाढवितो. मोटारीतील टर्बोचार्जर, बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून, इंजिनात अशीच अधिक हवा कोंबतो. चाकणला तयार झालेल्या 2020 सालच्या पोलो मोटारीचे 999 घनसेंटिमीटरचे साधे इंजिन 76, तर टर्बोचार्जरयुक्त इंजिन 110 अश्वशक्तीचे होते.

काही मालक नियंत्रक संगणकातील आज्ञा बदलवून हवेचा दाब आणखी वाढवितात. शक्ती खरोखरच वाढते. परंतु उष्णताही वाढते. मग ठिणगीची ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले इंधन आपोआप पेटून दट्ट्यावर आघात होऊ शकतात. सोने 1,064 अंश सेंटिग्रेडला वितळते. दट्ट्या ज्याचा बनतो ते ॲल्युमिनियम 660 अंशांलाच. सोनाराची दृष्टी मुशीवर असते. बंद सिलिंडरात मात्र आघात टिपणारे उपकरणच राखणदार असते, आणि त्याच्याही सामर्थ्याला सीमा आहे. निर्मात्याने राखलेली शिल्लक खर्ची घालण्यापूर्वी मालकाने हा हिशेब मांडावा.