पसरलेली फळी आणि क्वार्टरबॅकचे भवितव्य

— एस. वाय. बी. ए.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र याच नावाचा खेळ बहुतांशी हातांनी खेळला जातो. वसतिगृहात मित्राच्या मोबाइलवर तो प्रथम पाहिला तेव्हा मला ती नुसती झोंबाझोंबी वाटली. पुढे नियम कळू लागले आणि त्यातल्या एका जुन्या वादाने मनाची पकड घेतली. महाविद्यालयात विशिष्ट पद्धतीने तयार झालेला खेळाडू व्यावसायिक खेळात टिकेल काय, हा तो वाद. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून असेल, पण हा प्रश्न मला परका वाटला नाही.

आधी खेळाची तोंडओळख करून घेऊ. दोन्ही बाजूंना ११-११ गडी असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. चेंडू सोबत्याला द्यावा, दूर फेकावा की स्वतःच घेऊन पळावे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहून त्याचे रक्षण करतात.

जुन्या पद्धतीत बहुतेक गडी या भिंतीजवळ दाटीने उभे राहत आणि क्वार्टरबॅकही भिंतीला चिकटून चेंडू घेई. ‘स्प्रेड’ म्हणजे पसरणे. या पद्धतीत चेंडू झेलणारे तीन, चार, कधी पाच गडी मैदानाच्या रुंदीभर पसरतात आणि क्वार्टरबॅक सुमारे पाच यार्ड मागे उभा राहतो. झेलणारे पसरले की बचाव करणाऱ्यांनाही पसरावे लागते, आणि मध्ये मोकळ्या जागा पडतात. यातली एक युक्ती तर फारच गमतीची आहे. बचावाच्या एका गड्याला मुद्दामच कोणी अडवीत नाही. तो पळणाऱ्या सोबत्याच्या रोखाने धावला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःजवळ ठेवतो. तो जागीच थांबला तर चेंडू सोबत्याला देतो. म्हणजे त्याने काहीही केले तरी तो फसलाच!

ही पद्धत फोफावली ती लहान संघांच्या गरजेतून. धिप्पाड आणि नामांकित खेळाडू मोठ्या विद्यापीठांकडे जात. उरलेल्यांनी मग बळाऐवजी जागेचा उपयोग करायचे ठरविले. हॅल ममी आणि माइक लीच या प्रशिक्षकांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयात ‘एअर रेड’ नावाचा तिचा एक प्रकार घडविला. लीच यांनी पुढे २००० ते २००९ या काळात टेक्सास टेक विद्यापीठात तो गाजविला.

महाविद्यालयात धावसंख्येचे डोंगर उभे राहिले, पण व्यावसायिक संघ साशंकच होते. याला कारणही होते. याच पद्धतीच्या एका थोरल्या भावंडात वाढलेल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या डेव्हिड क्लिंगलरने १९९० च्या हंगामात ५४ टचडाउन पास फेकले. १९९२ मध्ये सिनसिनाटीने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले, पण तेथे त्याचा जम बसला नाही. यूटा विद्यापीठाला २००४ मध्ये अजिंक्य ठेवणारा ॲलेक्स स्मिथ २००५ च्या निवडीत पहिला आला. पहिल्या हंगामात त्याचा टचडाउन पास एकच, आणि प्रतिपक्षाच्या हाती गेलेले पास ११! अशांना ‘पद्धतीचा क्वार्टरबॅक’ म्हणत. श्रेय पद्धतीचे, खेळाडूचे नव्हे, असा त्याचा अर्थ.

अडचणी खऱ्याच होत्या. महाविद्यालयात प्रशिक्षक मैदानाबाहेरून खुणा करून वा चित्रांचे फलक दाखवून डाव सांगत. व्यावसायिक खेळात शिरस्त्राणातल्या रेडिओवरून लांबलचक सांकेतिक वाक्य ऐकून ते सोबत्यांना जसेच्या तसे सांगावे लागते, शिवाय ऐनवेळी भिंतीची रचनाही बदलावी लागते. तेथील बचावपटू इतके चपळ असतात की मोकळी जागा क्षणात बुजते. स्वतः पळणेही धोक्याचे असते. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनचे २०१२ चे पदार्पण दिमाखदार झाले, पण जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गुडघा जायबंदी झाला आणि पूर्वीची झळाळी परत आली नाही.

परंतु दोष केवळ शिकणाऱ्याचाच होता काय? कॅलिफोर्निया विद्यापीठात याच पद्धतीत वाढलेला जॅरेड गॉफ २०१६ च्या निवडीत पहिला आला आणि सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला. पुढच्या वर्षी लॉस एंजलिस रॅम्सला शॉन मॅक्वे हे नवे प्रशिक्षक लाभले. संघाने १६ पैकी ११ सामने जिंकले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. खेळाडू तोच, शिकविणारा बदलला होता.

सर्वांत बोलके उदाहरण पॅट्रिक महोम्सचे. टेक्सास टेकमध्ये त्याचे प्रशिक्षक होते लीच यांचेच शिष्य क्लिफ किंग्सबरी. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण लगेच मैदानात उतरविले नाही. जवळजवळ वर्षभर तो एका अनुभवी क्वार्टरबॅकच्या मागे बसून शिकला. तो अनुभवी खेळाडू म्हणजे एकेकाळी फसलेला म्हणून हिणवला गेलेला ॲलेक्स स्मिथ! प्रशिक्षक अँडी रीड यांनी महोम्सला व्यावसायिक खेळाची भाषा शिकविली आणि त्याच्या महाविद्यालयातल्या कितीतरी चाली आपल्या वहीत घेतल्या. २०१८ मध्ये त्याने ५० टचडाउन पास फेकून सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. पुढे २०२०, २०२३ आणि २०२४ असे तीन अंतिम सामने त्याने जिंकून दिले.

तात्पर्य, पद्धत हा खेळाडूच्या कपाळावरचा शिक्का नव्हे. नव्या जागी नवे शिकावे लागतेच, त्यातून कोणाचीच सुटका नाही. मात्र त्यासाठी अवधी हवा, आणि विद्यार्थी काय घेऊन आला आहे हे पाहणारा गुरू हवा. पहिल्या वर्षी इंग्रजीतील व्याख्याने डोक्यावरून जात, तेव्हा “तुमचा पायाच कच्चा” असे मी ऐकले होते. पाया कच्चा नव्हता, वेगळा होता. हे मला सांगायला फुटबॉल यावा लागला, तोही हातांनी खेळायचा!