इलेक्ट्रिक एसयूव्ही : पल्ला वाढवताना सोयीला कात्री

उंच बांधणीची, भरपूर सामान सामावणारी मोटार भारतीय कुटुंबांना पसंत असते. मात्र इलेक्ट्रिक एसयूव्हीमध्ये हीच उंची अडचणीची ठरते. मोटारीचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यामुळे महामार्गावर बॅटरी लवकर उतरते.

यावर उपाय म्हणून काही उत्पादकांनी मागे उतरत जाणारे छत स्वीकारले. २०२४ मध्ये सादर झालेल्या टाटा कर्व्ह आणि महिंद्रा एक्सईव्ही ९ई ही त्याची उदाहरणे. अशा आकारावरून हवा सहज सरकते. पण मागील प्रवाशांच्या डोक्यावरची जागा आणि मागच्या काचेतून दिसणारा रस्ता कमी होतो.

बॅटरी तळाशी बसवल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर मोटार स्थिर राहते. मात्र आतील तळ उंचावल्याने मागे बसणाऱ्यांचे गुडघे वर येतात. बॅटरी मोठी घेतल्यास पल्ल्याबरोबर वजन आणि किंमतही वाढते.

स्टेपनीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि हवेचा दाब दर्शवणारी यंत्रणा असलेल्या मोटारींना केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये स्टेपनीच्या सक्तीतून सूट दिली. वाचलेल्या जागेत मोठी बॅटरी बसू शकते. परंतु टायर कडेला फाटल्यास दुरुस्ती संच निरुपयोगी ठरतो आणि आडवाटेवर मदतीची वाट पाहावी लागते.

म्हणूनच खरेदीपूर्वी केवळ पल्ल्याचा आकडा न पाहता मागील आसनावर बसून पाहणे आणि स्टेपनीची चौकशी करणे हिताचे ठरते.