अंगणातले फुलझाड

चिंचवड या गावाच्या नावात दोन झाडे आहेत. एक चिंच आणि दुसरा वड. उर्दूत तुम्ही त्यांना इमली आणि बरगद म्हणता. पण विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरापुढे लहानसे अंगण असेल, तर या दोहोंपैकी एकही झाड तेथे लावू नका. वडाला मैदान लागते. चिंच वाढली की घराच्याही वर जाते. मग लहान अंगणात लावावे तरी काय?

पुष्कळ लोक गुलमोहर लावतात. गुल म्हणजे फूल, हे तुम्हांला सांगायला नको. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. ते भराभर वाढते आणि मे महिन्यात लालभडक फुलते. आमच्याही दारात ते होते. भिंतीपासून चार हातांवर वडिलांनी ते हौसेने लावले होते. पण गुलमोहराची मुळे खोल जात नाहीत, ती जमिनीलगत पसरतात. त्याचे लाकूडही ठिसूळ असते. एका वर्षी वळवाचा पाऊस आला, सोसाट्याचा वारा सुटला आणि झाड मुळासकट कलंडले. कुंपणाची भिंत पडली. सुदैवाने अंगणात त्या वेळी कोणी नव्हते. गुलमोहर वाईट नाही, पण त्याची जागा मोकळ्या मैदानात आहे.

अंगणासाठी मी पहिले नाव घेईन ताम्हणाचे. ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल आहे. उर्दूत त्याला जारूल म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत त्याला जांभळ्या फुलांचे तुरे येतात. पाकळ्या चुरगळलेल्या तलम कापडासारख्या दिसतात. दुसरे झाड बहावा, म्हणजे तुमचा अमलतास. ऐन उन्हाळ्यात त्याला पिवळ्या फुलांचे घोस लटकतात. त्याच्या लांब काळ्या शेंगेतील गर युनानी हकीम औषधात वापरतात; आपण मात्र तो मनानेच खाऊ नये, कारण तो जुलाबाचा असतो. अंगण फारच लहान असेल, तर पारिजातक लावा. उर्दूत त्याला हरसिंगार हे सुंदर नाव आहे. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे खाली सडा पडतो. भिंतीपासून पाच-सहा फुटांवर लावले तरी त्याचे भागते. ताम्हण आणि बहावा यांना मात्र दहा-बारा फूट तरी सोडा, आणि वर विजेच्या तारा नाहीत ना, हेही आधी पाहा.

आता जमिनीकडे वळू. पवनाकाठच्या या भागात 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. पुढे आणखी कारखाने आले आणि कामगारांची वस्ती वाढली. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आखीव भूखंडांवर घरे उठू लागली. अशा घरांच्या अंगणात कुदळ मारून पाहा. वर वीतभर माती, खाली मुरूम, आणि मधे विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, असा बांधकामाचा राडारोडा. रोप मरते ते बहुधा यामुळे, आणि आपण दोष देतो रोपवाटिकेला!

म्हणून खड्डा मे महिन्यातच खणावा. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी दोन ते तीन फूट. राडारोडा निवडून फेकून द्यावा. खड्ड्याला पंधरा दिवस ऊन लागू द्यावे. मग चांगली माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. शेणखत ताजे नको. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात. जून-जुलैत पाऊस स्थिरावला की रोप लावावे. पिशवी ब्लेडने फाडा, पण मुळांभोवतालचा मातीचा गोळा फोडू नका. रोप पिशवीत जितके खोल होते, तितकेच खोल लावा. खोड मातीत गाडले तर ते कुजते. बाजूला बांबू रोवून सुतळीने सैल बांधा. घट्ट बांधलेली सुतळी पुढे खोडात रुतते.

पहिली दोन-तीन वर्षे खरी कसोटी उन्हाळ्याची. पुष्कळ जण रोज तांब्याभर पाणी खोडावर ओततात. त्याने फक्त वरची माती भिजते आणि मुळे वरच राहतात. त्यापेक्षा दर तीन-चार दिवसांनी दोन बादल्या पाणी आळ्यात सावकाश सोडा. आळे खोडापासून थोडे दूर, गोलाकार असावे. त्यात वाळलेला पालापाचोळा पसरला की ओल टिकते. पाणी कमी असेल तर तांदूळ-भाजी धुतलेले किंवा वजूचे पाणी द्या. त्यात साबण नसतो, म्हणून ते झाडाला चालते.

हल्ली अंगणात सिमेंट ओतायची किंवा फरशीचे ठोकळे बसवायची पद्धत पडली आहे. चिखल होत नाही हे खरे, पण बुंध्याला सिमेंट भिडले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. तोच हिशेब आपल्या अंगणात ठेवावा. घरात गवंडी काम करीत असेल तेव्हा हे त्याला तुम्हीच सांगा. मोठ्यांच्या लक्षात राहत नाही.

छाटणी फार करू नये. ताम्हणाला नव्या फुटव्यांच्या टोकाला फुले येतात, म्हणून त्याची छाटणी थंडीत, पालवी फुटण्यापूर्वी करावी. जाड फांदी कापताना आधी खालून थोडा छेद द्यावा आणि मग वरून कापावी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. शेंडा मात्र छाटू नका. शहरात झाड तोडायचे असेल, तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी काढावी लागते, मग ते झाड आपल्याच अंगणातले का असेना.

रोप विकत घेण्याची गरज नाही. बहाव्याच्या पडलेल्या शेंगा गोळा करा. बियांचे कवच फार कठीण असते, नुसते पेरले तर महिनोन्‌महिने उगवत नाही. बी पॉलिश कागदावर एका बाजूने थोडे घासा, रात्रभर पाण्यात भिजत ठेवा आणि सकाळी फुगलेले तेवढेच पिशवीत पेरा.