घरात गाडी एक, चालवणारे चार: विमा कोणाला बाहेर ठेवतो?

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी लोक कागदपत्रं घेऊन येतात. जातीचा दाखला, पेन्शन, रेशन कार्ड हे नेहमीचे प्रश्न. मागच्या पावसाळ्यात सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक नोटीस घेऊन आले. मोटारसायकल त्यांच्या नावावर. पुतण्या ती घेऊन बाहेर पडला आणि त्याच्या हातून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाने मृताच्या कुटुंबाला भरपाई मंजूर केली, विमा कंपनीने ती भरली, आणि आता तीच कंपनी व्याजासह ती रक्कम काकांकडून मागत होती. पुतण्याकडे लायसन्स नव्हतं. काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो, पण इन्शुरन्स चालू होता ना!"

चालू होताच. पण गाडीचा विमा चालू असणं आणि चालवणारा त्या विम्यात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आपल्या घरांमध्ये फारसा कोणी समजावून सांगत नाही. एजंट तर नाहीच सांगत.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना हा फरक लवकर कळतो. तिथे विमा घेताना घरात राहणाऱ्या, गाडी चालवू शकणाऱ्या सगळ्यांची नावं विचारली जातात. घरातल्या एखाद्याच्या नावावर आधीचे अपघात किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद असेल तर हप्ता वाढतो. म्हणून बऱ्याच राज्यांत एक सोय आहे: त्या माणसाचं नाव लिहून त्याला पॉलिसीतून वगळायचं आणि तसं सही करून द्यायचं. हप्ता आटोक्यात राहतो. मात्र त्या माणसाने एकदा जरी गाडी चालवली आणि अपघात झाला, तर कंपनी साधारणपणे हात वर करते. काही राज्यांत अशी वगळणी करायला परवानगीच नाही, कारण त्यात मार खातो तो रस्त्यावरचा तिसराच माणूस.

भारतात विम्याचा हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडीवरून. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या क्षमतेवर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या किमतीवर आणि वयावर. घरात कोण कोण चालवतं हे सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे आपला समज होतो की घरातला कोणीही चालला. पण 1988 च्या मोटार वाहन कायद्यात विमा कंपनी कोणत्या कारणांनी जबाबदारी नाकारू शकते याची यादी आहे. पूर्वी ती कलम 149 मध्ये होती, आता 150 मध्ये आहे. नाव घेऊन वगळलेला चालक, लायसन्स नसलेला चालक, लायसन्ससाठी अपात्र ठरवलेला चालक, हे सगळे त्या यादीत आहेत. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या बदलांनी दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली चालवणाराही त्यात आला. म्हणजे नाव लिहून वगळण्याची वाट आपल्या कायद्यालाही माहीत आहे. व्यवहारात तिची गरज पडत नाही, कारण आपल्या पॉलिसीवर छापलेलं चालकाचं कलमच ते काम करतं: वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती. ज्याच्याकडे ते नाही, तो सही न करताच वगळला गेला.

मग पादचाऱ्याच्या कुटुंबाला पैसे कसे मिळाले? 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात सांगितलं की नुसतं 'लायसन्स नव्हतं' एवढं म्हणून कंपनी सुटत नाही. मालकाने स्वतः निष्काळजीपणा केला, योग्य ती खबरदारी घेतली नाही, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं तरी न्यायाधिकरण कंपनीला 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देऊ शकतं. रस्त्यावर मेलेल्या मजुराची बायको-मुलं वाऱ्यावर सोडायची नाहीत, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. मेलेला माणूसही बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातला असतो. काही प्रकरणांत कंपनीला पूर्णच मोकळं केलं जातं. मग ते कुटुंब थेट मालकाच्या दारात येतं.

रक्कम किती असते? महिना 15 हजार कमावणारा, 30 वर्षांचा, विवाहित, घरात चार अवलंबून असलेला कामगार गेला असं धरा. वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजार. कायम नोकरी नसेल तरी 40 वर्षांखालच्या माणसासाठी पुढच्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे 2 लाख 52 हजार. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा होतो, उरतात 1 लाख 89 हजार. या वयाला गुणक 17. एकूण 32 लाख 13 हजार, वर अंत्यविधी वगैरेंच्या रकमा आणि व्याज. ही वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. निवृत्त सफाई कामगाराच्या घरात विकण्यासारखं काय असतं, तर ती दोन खोल्यांची जागा.

काकांच्या कागदांत आम्हाला सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच गोष्ट. निकाल त्यांच्याविरुद्ध एकतर्फी होता. समन्स आलं होतं, पण 'इन्शुरन्सचा वकील बघून घेईल' म्हणून ते गेलेच नाहीत. इथेच घात होतो. पीडिताला उत्तर देण्यापुरते मालक आणि कंपनी एका बाजूला दिसतात, पण लायसन्सचा मुद्दा आला की कंपनी मालकाच्या विरुद्ध उभी असते. पुतण्याने न विचारता किल्ली घेतली होती, असं काका आम्हाला सांगत होते. ते सांगायची जागा न्यायाधिकरण होती. 1987 च्या स्कॅन्डिया इन्शुरन्स विरुद्ध कोकिळाबेन प्रकरणात मालकाने आपल्याकडून काळजी घेतली होती म्हणून अट मोडल्याचा ठपका त्याच्यावर आला नव्हता. पण काळजी घेतली हे कोणीतरी उभं राहून सांगावं लागतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं गणित उलटं आहे, आणि जास्त कडक. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या कलम 199 अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. इथे 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पूर्ण दक्षता घेतली होती' हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. वडिलांच्या नावावरची 110 सीसीची स्कूटी त्यात बसत नाही. 14 एप्रिलच्या रॅलीत निळा झेंडा घेऊन तिघं-तिघं बसलेली नववी-दहावीची पोरं आपण सगळे बघतो. कौतुकाने फोटोही काढतो. आयोजकांनी रॅलीच्या आदल्या दिवशी लायसन्स बघावीत, एवढं आम्ही दोन वर्षं सांगतोय. पहिल्या वर्षी हसण्यावारी नेलं गेलं.

समाजशास्त्र शिकताना आम्ही कुटुंबाची मालमत्ता कोणाच्या नावावर असते यावर बरंच वाचलं. स्कूटीकडे कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. गाडी नवऱ्याच्या नावावर, लायसन्स नवऱ्याचं, आणि रोज मुलांना शाळेत सोडायला, दळण आणायला, सासूला दवाखान्यात न्यायला ती चालवते सून. 'घरापुरतंच तर चालवते' म्हणून तिचं लायसन्स काढलेलंच नसतं. सगळ्यात जास्त गाडी चालवणारी व्यक्तीच विम्याच्या बाहेर! बचतगटाच्या एका बैठकीत आम्ही हात वर करायला सांगितलं, तेव्हा स्कूटी चालवणाऱ्या बायकांमध्ये लायसन्स असलेल्या दोघीच निघाल्या.

चालकाच्या स्वतःच्या जिवाचं काय, हेही बघा. पॉलिसीतला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकासाठी असतो, म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठी. भावाची गाडी मागून नेलेला माणूस 'तिसरा पक्ष' ठरत नाही. निंगम्मा प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तो मालकाच्याच जागी उभा असतो. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागच्या सीटवर बसलेल्या आईलासुद्धा संरक्षण नसतं. वेगळा हप्ता भरून मागे बसणाऱ्यासाठी कव्हर घेता येतं. नूतनीकरणाच्या वेळी ते तोंडाने मागावं लागतं.

टेम्पो-रिक्षा चालवणाऱ्या मित्रांसाठी एक चांगली बातमी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला चालक 7,500 किलोपेक्षा कमी वजनाचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवू शकतो. वेगळा शेरा नव्हता म्हणून आता कंपनीला दावा टाळता येणार नाही. लर्निंग लायसन्सही वैधच असतं, पण 'एल' ची पाटी आणि सोबत लायसन्सधारक शिकवणारा या अटी पाळल्या तरच.

काकांच्या प्रकरणात आम्ही वकील मित्राकडून उच्च न्यायालयात अपील करतोय. मुदत निकालापासून 90 दिवसांची होती, ती उलटून गेलीय, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडलाय. अपिलासाठी 25 हजार रुपये किंवा निम्मी रक्कम, यातली कमी असेल ती भरावी लागते. ते 25 हजार वस्तीतून जमले. पुतण्याने गेल्या महिन्यात लर्निंग लायसन्स काढलं.