अर्थमितीचा अभ्यास: आधी गुऱ्हाळ, मग सूत्र

अर्थमितीचा पेपर म्हटलं की पोटात गोळा येतो. मग आपण सूत्रं पाठ करतो, सिद्धता घोटतो, परीक्षेत उतरवतो. मार्क पडतातही. पण आलेल्या आकड्याचा अर्थ सांगा म्हटलं, की वर्ग गप्प!

आज एकच उदाहरण घेऊ, आपल्या कोल्हापूरचं. मार्केट यार्डातला गूळ. समजा, पाच दिवसांची आवक 1, 2, 3, 4, 5 हजार रवे आणि क्विंटलचा दर अनुक्रमे 4300, 4200, 4000, 3800, 3700 रुपये. आकडे सोयीसाठी घेतलेत. संगणक बंद ठेवा, वहीत करा. सरासरी आवक 3, सरासरी दर 4000. प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा करा. आवकेचा आणि दराचा फरक जोडीनं गुणून बेरीज करा: उणे 1600. आवकेच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 10. भागाकार उणे 160. म्हणजे आवक हजार रव्यांनी जास्त, तिथं दर 160 रुपयांनी कमी. झालं रिग्रेशन! हातानं एकदा केलं की सूत्र घोकावं लागत नाही.

पण खरा अभ्यास इथून पुढं. आवक वाढली म्हणूनच दर पडला का? दर पडला की शेतकरी ऊस कारखान्याला घालतो, गुऱ्हाळ थांबतं, आवक घटते. म्हणजे दरही आवकेला हलवतो. मग त्या 160 मध्ये कुणाचा वाटा किती?

इथं अवकाळी पाऊस उपयोगी पडतो. चिपाडं भिजली की चुलवाण पेटत नाही, आवक घटते. ही घट दरामुळं झालेली नाही. आणि आपला बराच गूळ जातो गुजरातला. तिथल्या मागणीला आपल्याकडच्या पावसाचं काय? म्हणून पावसामुळं जेवढी आवक घटली, तेवढ्यानं दर किती चढला, हे बघायचं. अशा पावसाला ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणतात. फिलिप राइट यांच्या 1928 च्या, तेलांवरील आयातकराच्या पुस्तकात ही युक्ती आहे. मात्र पावसानं गुळाची प्रतही बिघडली, तर हिशेब फसतो. तेही तपासायचं.

तेव्हा कुठलंही गणित सोडवताना तीन प्रश्न वहीत लिहा: आकडे कुठून आले? उत्तर अधिक येईल की उणे, आणि का? कारण आणि परिणाम उलटे तर नाहीत? हे लिहिता आलं, तर सॉफ्टवेअर तुमचं नोकर. नाही आलं, तर तुम्ही त्याचे.