विश्लेषण : भिंत पडली तरी माळवदाचे घर उभे कसे राहते?

कर्जत, जामखेड, पारनेरच्या गावांत जुने घर अजूनही खणांत मोजतात. ‘पाच खणांचे घर’ म्हणजे पाच खोल्यांचे नव्हे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घराचे मापच लाकडावर ठरते, कारण भार लाकडावर असतो.

दगडी उथाळावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, हे झाले माळवद. सांगाडा नीट असेल तर भिंतीचे काम फक्त आडोशाचे.

इंग्लंडमधली शेकडो वर्षांची ओक लाकडाची घरेही याच तत्त्वावर उभी आहेत. तिथे सांगाड्याच्या चौकटीत काठ्या विणून माती, शेण आणि गवताचा गिलावा देत. अकोले तालुक्यातल्या डोंगरात कारवीच्या काठ्यांचा कूड शेणमातीने लिंपतात, त्याहून हे फार वेगळे नाही. लाकडाचा शत्रूही दोन्हीकडे एकच. १६६६च्या आगीनंतर लंडनमध्ये नव्या घरांना वीट किंवा दगड सक्तीचा झाला. पुण्यात शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८च्या आगीत गेले, दगडी जोते राहिले.

फरक मात्र मोठा आहे. इंग्रजी सांगाड्यात खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेके असतात. आपल्या खणांत ते सहसा नसतात, आणि डोक्यावर कित्येक टन माती. दर पावसाळ्यापूर्वी वर आणखी एक थर टाकायचा, जुना काढायचा नाही, ही सवय तर घातकच.

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात हे दिसले. जिथे छत थेट मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर टेकले होते, तिथे भिंतीबरोबर तेही खाली आले. जिथे खांब होते, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही माळवद खांबांवर टिकले. त्यानंतर अशा घरांसाठी तज्ज्ञांनी सुचवलेले उपाय साधे होते : छतावरची जादा माती उतरवा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे टेके द्या.

आज अशी घरे पाडून सागवान विकले जाते, नाहीतर खांबाच्या बुडाशी सिमेंट थापले जाते. सिमेंटआड ओल अडकते आणि लाकूड आतून सडते. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याला म्हणूनच आधी उथाळाजवळचा खांब टोकरून पाहायला सांगावे. भिंतीचे नंतर बघता येते.